सगळ्यांना सारखे मांस

आदरणीय अब्दिलाझिझदादा यांस,

धाकट्या एर्गेशचा सलाम पोचावा. खरे तर मी आधी तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि नातवंडांचे पोट यांची चौकशी करणार होतो. पण सासुरवाडीच्या या डोंगरी लोकांत राहून माझी जीभ बिघडली आहे. इथे माणूस माणसाला भेटला की आधी जनावरांची खुशाली विचारतो, मग माणसांची. म्हणून त्याच क्रमाने विचारतो. तुमचे गाढव बरे आहे ना? दोन्ही शेळ्या दूध देतात ना? ते सगळे ठीक असेल तर मग तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि नातवंडांचे पोटही ठीक असेल अशी अल्लाकडे दुवा मागतो. (फोन करायचा तर उंच टेकडीवर चढावे लागते. शिवाय तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि फोन तुम्ही नेहमी डाव्याच कानाला लावता. म्हणून पत्र लिहून बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे.)

तुम्ही विचारले होते, कधी परत येणार. पाटकरी म्हणतो आहे की जर्दाळूची पाने गळायच्या आत मी बातकेनला येऊन पाण्याच्या पाळीला स्वतः उभा राहिलो नाही, तर पाळी दुसऱ्याला जाईल आणि पाण्याशिवाय माझी बाग वाळून जाईल. त्याचे उत्तर द्यायलाच हे पत्र आहे. पण त्याआधी वसंतातल्या एका सकाळी मी काय केले ते सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यातून निघाले. दादा, त्या सकाळी मी देवाचे नाव घेऊन एक मेंढा कापला आणि सगळ्यांना सारखे मांस वाढले.

तुम्ही म्हणाल, मग त्यात काय? मीही तेच म्हणत होतो. सासूबाईंना हिवाळ्यात ताप भरला होता. मी नमाजानंतर नवस बोललो होतो की त्या उठून बसल्या तर गावाला जेवण घालीन. त्या नुसत्या उठून बसल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी घोड्यावर बसल्या. (सासूबाई माझ्यापेक्षा चांगल्या घोड्यावर बसतात. हे मी मोठेपणाने कबूल करतो असे समजू नका. सगळ्या खोऱ्याने पाहिले आहे, लपवता येत नाही.) नवस फेडणे आले. आता आपल्याकडे जेवणाचा पुलाव पुरुषांनीच करायचा, बायकांनी कढईजवळ फिरकायचे नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सायराकानला आणि तिच्या आईला आत बसवले, बाह्या सारल्या, तुम्ही पाठवलेला लाल तांदूळ काढला, गाजरे चिरली आणि मेंढ्याचे मांस सोडवून बोटाएवढे सारखे तुकडे केले. कुणाला मोठा, कुणाला लहान असे होऊ नये म्हणून एकेक तुकडा शेजारच्याशी ताडून पाहिला. मशिदीत सगळे एका रांगेत उभे राहतात, तर ताटापुढेही एका मापाने बसावे, असा माझा साधा विचार होता. असा पुलाव मी उभ्या जन्मात केला नव्हता. दाणा न् दाणा सुटा.

पाहुणे आले. सगळ्यांत मानाच्या जागी, दारापासून लांब, काचिबेक आबा बसले. हे या खोऱ्यातले सर्वांत वयस्कर. पूर्वी सरकारी शेतीचे मुकादम होते आणि शेती बंद झाली तरी मुकादमी बंद झालेली नाही, ती कुणी बंद करायला सांगितली नाही म्हणून. दाराशी ओरोझाली बसला. हा आबांचा पुतण्या, याच्याकडे खोऱ्यातला एकुलता एक चालू स्थितीतला ट्रक. मी दोघांपुढे सारखी ताटे ठेवली.

आबांनी ताटातला तुकडा बोटाने उलटा केला. मग सुलटा केला. मग मला विचारले, “जावई, हा मेंढाच होता ना? की ससा?”

मी म्हटले, “मेंढाच, आबा. आपल्याच कळपातला.”

“मग त्याची हाडं कुठं गेली? तुमच्याकडे बिनहाडाचे मेंढे चरतात वाटतं.”

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. आबांनी दोन घास भात खाल्ला, हात पुसले, दुवा मागितली (दुवाही इतकी आखूड की ओठ हलले कधी आणि हात तोंडावरून फिरले कधी ते कळले नाही) आणि उठले. ते उठल्यावर बाकीचे उठले. चहा तसाच राहिला. आतून सायराकान बाहेर आली, कढईत पाहिले आणि मटकन खाली बसली.

झाले होते ते असे. या खोऱ्यात मेंढा कापला की तो हाडांनिशी शिजतो आणि प्रत्येकाचे हाड ठरलेले असते. कमरेचे मोठे हाड सर्वांत थोराचे. त्याखालोखाल मांडीचे, मग खांद्याचे, असे उतरत उतरत दारापर्यंत. कोण कुठला आणि गावात त्याचे काय वजन आहे हे इथे कुणी बोलून दाखवत नाही, ताटात वाढून दाखवतात. मी सगळ्यांना एका मापाचे तुकडे वाढले म्हणजे माझ्या मते समता केली. त्यांच्या मते मी आबांना पुतण्याच्या शेजारी, दाराशी, चपलांजवळ नेऊन बसवले.

तुम्ही म्हणाल, मग तुला तीन वर्षांत हे कसे कळले नाही? दादा, तीन वर्षे मी जेवायला बसायचो तेव्हा खाली मान घालून देवाचे नाव घेत असे. दुसऱ्याच्या ताटात काय पडले ते पाहू नये असे आपल्या मदरशातल्या मौलवींनी छडी मारून शिकवले होते. त्यांनी नारिनच्या डोंगरात येऊन राहायचे असेल तर काय करावे ते शिकवले नव्हते.

आणि शिकवून तरी किती शिकवणार? इथे शिकायचे संपतच नाही. इथे झाड नाही. टेलिफोनचा खांब दिसला तरी मी क्षणभर सावलीत थांबतो. जळण म्हणजे शेणी. आल्या दिवशी मी हात धुवायला पाणी मागितले तर सासूबाई म्हणाल्या, “शेण काय घाण असतं का? गवतच ते, एकदा आत जाऊन आलेलं.” वारा पहाटे सुटतो तो कुणाचे तरी काहीतरी घेऊनच थांबतो. माझी नमाजाची टोपी तीनदा चीनच्या दिशेला गेली. घोडीचे दूध दर दोन तासांनी काढायचे, एका गुडघ्यावर बसून, चरवी हातात अडकवून, आणि आधी शिंगरू तोंड लावेपर्यंत घोडी पान्हा सोडत नाही. शिंगराला ओढून बाजूला केले की ते माझ्याकडे असे पाहते की मला त्याची माफी मागावीशी वाटते. त्या दुधाचा कुमिस करतात, तो आंबट आणि डोक्याला जरा चढणारा. मी पहिल्या वर्षी इमामसाहेबांना विचारायला गेलो की हे प्यायले तर चालते का. त्यांनी माझा प्रश्न नीट ऐकून घेतला, मिशीवरचा कुमिस बाहीने पुसला आणि म्हणाले, “प्रश्न अवघड आहे. अजून एक वाटी आणा.”

मशिदीचेही ऐका. माझा घोडा म्हणजे मेहुण्याचा, शायलोबेकचा घोडा. शायलोबेक मॉस्कोला बांधकामावर गेला, “एक हिवाळा आईकडे बघा, दाजी” म्हणाला आणि त्या हिवाळ्याला आता तीन वर्षे होतील. त्याच्या मागे आई, मेंढ्या, घोड्या आणि हा घोडा माझ्या गळ्यात आला. दर शुक्रवारी मी या घोड्यावर बसून मशिदीकडे निघतो आणि दर शुक्रवारी हा दारूच्या दुकानापुढे जाऊन थांबतो, कारण त्याच्या मालकाने त्याला एवढाच एक रस्ता शिकवला होता. टाच मारा, लगाम ओढा, कुराणातल्या आयती म्हणा, हलत नाही. एक माणूस आत जाऊन बाहेर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबतो आणि मग आपण होऊन निघतो. दुकानदारीण दारात उभी राहून म्हणते, “या जावई, आज पण नुसतंच उभं राहायचंय?” पांढऱ्या टोपीतला मी आणि मागे बाटल्यांची मांडणी, हे दृश्य बघायला पोरे आता वेळेवर येऊन बसतात.

आणि हे ‘जावई’! दादा, मला पन्नाशी लागेल. माझ्या दोन मुली आपापल्या घरी नांदतात. तिथे गावात लोक मला एर्गेश आका म्हणत, पाण्याच्या भांडणात माझा शब्द विचारत. इथे मी जावई. तेही जावईबापू नव्हे. “जावई, ते कोकरू धर.” “जावई, दार लाव.” माझे नाव खोऱ्यात किती जणांना ठाऊक आहे याची मला शंका आहे. डाकवाल्यालाही नसावे, कारण तुमचे मागचे पत्र त्याने ‘बुरुलआज्जीचा जावई’ असे ओरडत आणून दिले.

असो. पुलावाचे पुढे सांगतो. भांडण झाले नाही. इथे भांडत नाहीत, काढून टाकतात. खोऱ्यात सगळ्यांच्या मेंढ्या एकत्र चरायला जातात आणि एकेक घर एकेक दिवस आळीपाळीने राखण करते. पुलावानंतर माझी पाळी येईना. मी विचारायला गेलो तर म्हणाले, “राहू दे जावई, तुम्हाला त्रास कशाला.” दुसऱ्या सकाळी कळप गेला तेव्हा आमच्या मेंढ्या तेवढ्या वगळून गेला. तेव्हापासून मी एकटा आमच्या मेंढ्यांमागे. आणि वरच्या कुरणावर जायचे दिवस आले. खाली गवत संपलेले. लोकरीच्या नमद्याचा तंबू, चुली, पिपे, सासूबाई, सगळे वर न्यायचे तर ओरोझालीचा ट्रक हवा. ओरोझाली म्हणाला, “क्लच गेलाय.” दुसऱ्या दिवशी तो गेलेला क्लच घेऊन शेजाऱ्यांना वर सोडून आला. मेंढ्या वर गेल्या नाहीत तर उपाशी मरणार. मेल्या तर सासूबाईंच्या म्हातारपणाला काही उरणार नाही.

त्या दिवशी मी घरात येऊन जे मनात होते ते सगळे बोललो. म्हटले, बस झाले. सासूबाईंना उचला, मेंढ्या विका, बातकेनला चला. तिथे निदान माणसे माणसाला माणूस म्हणतात. मी थकलो आहे, सायराकान. मला यांनी तीन वर्षे नावाने हाक मारलेली नाही.

सायराकान दही गाळत होती. तिने फडके पिळले, वर टांगले आणि माझ्याकडे वळली.

“दमलात? तीन वर्षांत दमलात? मी पंचवीस वर्षं तुमच्या अंगणात जर्दाळू निवडले. मला कुणी नावानं हाक मारली का कधी? ‘डोंगरातली.’ डोंगरातली, पाणी आण. डोंगरातली, चहा टाक. माझ्या बोलण्याची नक्कल करून तुमच्या बहिणी जेवताना हसायच्या. तुम्ही पण हसायचात. तुमच्या आईनं जाताना म्हटलं, ‘त्या डोंगरातलीला बोलवा.’ मी गेले. मांडीवर डोकं घेतलं त्यांचं. मला कुणी विचारलं, दमलीस का गं म्हणून?”

तिने टांगलेल्या फडक्याखाली भांडे सरकवले.

“तुम्ही जा,” ती म्हणाली. “रागानं नाही सांगत. बाग आहे तुमची, पाणी आहे, दादा आहेत. जावंच लागेल. पण मी आईला सोडून येणार नाही. आणि आई हे डोंगर सोडून येणार नाही.”

मी मेंढ्या बघायला बाहेर गेलो. मेंढ्यांना बघण्यासारखे काही झालेले नव्हते. बराच वेळ बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला हाक मारली. त्यांना कमी ऐकू येते असे सगळे समजतात, पण भिंतीपलीकडचे त्यांना बरोबर ऐकू येते. पुढ्यात कापड अंथरलेले आणि त्यावर कुठल्याशा जुन्या मेंढ्याची सगळी हाडे ओळीने मांडलेली. म्हणाल्या, “बस. मेंढ्यांना वर जायचंय.” आणि माझी शाळा सुरू झाली.

“हे कुणाचं?”

“काचिबेक आबांचं.”

“हे?”

“त्यांच्या धाकट्या भावाचं.”

“तो मेला गेल्या साली. तू पुरायला गेला होतास. आता हे ओरोझालीच्या बापाचं.”

म्हणजे दादा, या खोऱ्यात कुणी मेला की त्याचे हाड खालच्याकडे येते. माणसे वर चढतात ती वरच्यांच्या मरणाने. मी विचारले, मग माझे कुठले? सासूबाईंनी छातीचे हाड पुढे सरकवले.

“हे जावयाचं.”

“आणि म्हातारा झाल्यावर?”

“जावई म्हातारा होत नाही. हेच. मरेपर्यंत.”

मी मेंढा निवडला. या वेळी कापताना देवाला सांगितले की हा नवसाचा नाही, हा पोटाचा आहे, तरी बिस्मिल्ला म्हणतो आहे, राग मानू नकोस. सायराकान कढईजवळ, मी पाणी घालण्यापुरता. आबा येतील असे वाटत नव्हते. आले. ते आले म्हणून सगळे आले. मी मान खाली न घालता, डोळे उघडे ठेवून, एकेकाचे हाड एकेकापुढे ठेवत गेलो. कमरेचे हाड आबांपुढे ठेवताना सगळे खोरे श्वास धरून होते, निदान मी तरी होतो.

आबांनी हाडाकडे पाहिले. मान हलवली. सुरी काढली. आणि दादा, तेव्हा मला दिसले की आबांना दातच नाहीत. पुढचे नाहीत, मागचे नाहीत. ज्या हाडासाठी माझ्या मेंढ्या उपाशी राहिल्या ते हाड त्यांना चावता येत नव्हते. ते शांतपणे त्याचे मांस सुटे करू लागले. पातळ, बोटाएवढे तुकडे. एक तुकडा डावीकडच्याला दिला, एक उजवीकडच्याला, एक दाराशी ओरोझालीला, एक इमामसाहेबांना. पोरांना बोलावून त्यांनाही दिला. होता होता सगळ्यांच्या हातात एकेक तुकडा आला, सगळ्यांना सारखा, माझ्या पुलावातल्यासारखाच. लोक म्हणत होते, बघा, किती मोठं मन. मी केले तर अपमान आणि त्यांनी केले तर मोठे मन! मी उभा राहून दात आवळून बघत होतो.

शेवटी आबांनी चरबी लागलेला एक तुकडा चिमटीत धरला आणि माझ्याकडे हात लांब केला. इथे थोर माणूस धाकट्याला मायेने स्वतःच्या हाताने भरवतो. पोरांना भरवतात, नव्या नवरीला भरवतात.

“जावई,” ते म्हणाले, “आ कर.”

माझ्या दाढीत पांढरे केस आहेत. दाराशी ओरोझाली बघत होता. आतून सायराकान बघत होती. सासूबाई तर उघड हसत होत्या. मी आ केला.

आबा सगळ्यांना म्हणाले, “शिकतोय. उशिरा धरलेला घोडा आहे, पण शिकतोय.” सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. तोंडात चरबी होती म्हणून नीट हसता आले नाही, एवढेच.

दुसऱ्या सकाळी ट्रक दारात उभा होता. क्लच बरा झाला होता. आम्ही आता वर आहोत. गवत गुडघ्याएवढे आहे, मेंढ्या सुखात आहेत. राखणीची पाळी परवा आमच्याकडे होती. मी दिवसभर सगळ्या खोऱ्याच्या मेंढ्यांमागे धावलो, एक हरवली, ती ओरोझालीची निघाली, त्यावरून पुन्हा बोलणी खाल्ली. मला इथले काही म्हणता काही आवडत नाही, हे तुम्ही लिहून ठेवा आणि पुढे मी कधी उलट बोललो तर मला दाखवा. कुमिस आंबट आहे, वारा मूर्ख आहे, घोडा बेवडा आहे, आणि मी जावई आहे.

वहिनींना सलाम. मुलांना आशीर्वाद. सगळ्यांसाठी पाचही वेळा दुवा मागतो, एवढेच माझ्या हातात आहे.

तुमचा धाकटा,
एर्गेश

ता.क. — सायराकानला न सांगता एक मागतो. तिने लग्नात माहेरहून आणलेला नमद्याचा रंगीत गालिचा तुमच्याकडे आहे. तोच, ज्यावर वहिनी दर उन्हाळ्यात जर्दाळू वाळत घालतात. तो तिच्या आईने दोन हिवाळे बसून केला होता, हे मला इथे येऊन कळले. या ड्रायव्हरबरोबर तो परत पाठवावा. वहिनींनी धुवायच्या भानगडीत पडू नये. इतक्या वर्षांत धुतला नाही, आता धुऊन काय करायचे. तंबूत अंथरायला जागा ठेवली आहे.

ता.क. दुसरे — तुमच्या प्रश्नाचे उत्तर राहिलेच. आज सकाळच्या नमाजानंतर टेकडीवर चढलो आणि पाटकऱ्याला फोन केला. माझी पाण्याची पाळी तुमच्या थोरल्याच्या नावावर लिही म्हणून सांगितले. बागही त्यानेच सांभाळावी. पाटकरी म्हणाला, “एर्गेश आका, एकदा लिहिलं की परत मिळत नाही हं. नक्की ना?” मी म्हटले, लिही. त्याने वही उघडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “लिहिलं.”